महेश सरांची मदत

रोज सकाळी पावणेसातला गल्लीत गाडीचा हॉर्न वाजायचा आणि पांघरुणातच नवनाथचा दिवस नासायचा. ते महेश सर. नवनाथची बायको उज्वला पंचवटीतल्या ज्या शाळेत शिक्षिका होती, तिथंच ते नागरिकशास्त्र शिकवायचे. पाथर्डी फाट्याहून निघायचे आणि इंदिरानगरातून जाताजाता तिला गाडीत घ्यायचे. रात्री मग आमटीबरोबर महेश सरही ताटात वाढले जायचे.

"महेश सर म्हणतात, एखाद्या देशानं परदेशात सैन्यावर खर्च केला, तर तोसुद्धा परदेशी मदतीत धरायला हवा," एकदा उज्वला म्हणाली. "शाळेच्या वर्धापनदिनाला त्यावरच वादविवाद आहे. घरच्यांनाही भाग घेता येतो."

"त्यात कसली मदत? सैन्य जातं ते आपल्या मतलबानं."

"मग तिथं येऊन सांगा ना. सरांसमोर."

त्या 'सरांसमोर'नं घात केला. अंबडच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणाऱ्या नवनाथनं नाव देऊन टाकलं. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून तो मोबाइलवर लष्करी तळ आणि करार वाचू लागला.

वर्धापनदिनी महेश सर आधी बोलले. "भूकंपात परक्या मुलखात पूल कोण बांधतं? सैनिक. दवाखाना कोण उभारतं? सैनिक. आपण पहारा दिला, तर त्या देशाचा वाचलेला पैसा त्याच्या शाळांना मिळतो. हेतू काही का असेना, मदत ती मदतच."

पहिल्या रांगेत उज्वला मनापासून टाळ्या वाजवत होती. नवनाथनं ते पाहिलं आणि पाठ केलेलं सगळं डोक्यातून उडालं.

"समजा," तो माइकपाशी म्हणाला, "एक गृहस्थ आपल्या गाडीनं आपल्या कामाला निघालेत. वाटेत एक घर लागतं, तिथल्या बाईंना ते बसवून घेतात. पेट्रोल एरवीही जळणारच होतं. ते त्यांनी दानधर्मात लिहायचं का? वर रोज दारात येऊन हॉर्न वाजवायचा. याला मदत नाही म्हणत, तळ ठोकणं म्हणतात."

शिक्षिकांच्या रांगेत आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळं सभागृह. महेश सर चष्मा पुसत बसले. पहिलं बक्षीस नवनाथला मिळालं. घरी येताना उज्वला स्कूटरवर मागच्या टोकाला सरकून बसली.

दुसऱ्या दिवशी हॉर्न वाजला नाही. उज्वलाच्या मोबाइलवर निरोप आला: 'मॅडम, यापुढे माझं पेट्रोल माझ्यापुरतंच जळू दे.'

नवनाथ पांघरुणात खुशीत कूस बदलणार, तोच ते ओढलं गेलं.

"उठा. प्रार्थना चुकली तर माझी अर्धी रजा जाते."

अंबड एका टोकाला, पंचवटी दुसऱ्या. डिसेंबरच्या थंडीत कानटोपी घालून नवनाथनं स्कूटर काढली. मुंबई नाक्याच्या सिग्नलला त्याचे दात वाजत होते, तेवढ्यात शेजारी महेश सरांची गाडी येऊन थांबली. काचा बंद होत्या. आत सरांच्या शेजारी उज्वलाच्याच शाळेतल्या चैताली मॅडम शाल पांघरून हसत बसल्या होत्या.

"ही कधीपासून बसायला लागली?" मागून उज्वला म्हणाली.

"असेल तिचं घर वाटेत."

"कुठलं वाटेत? सिडकोत आत राहते ती. मुद्दाम वळसा घालून घेतलंय तिला."

"म्हणजे ही खरी मदत झाली," नवनाथ बोलून गेला.

खांद्यावरचा हात घट्ट झाला. "एवढं हसण्यासारखं काय सांगत असतील हो सर तिला?"

तो स्वर नवनाथनं तत्काळ ओळखला. गेलं वर्षभर तो त्याच्याच घशात होता.

सिग्नल सुटला.

"जरा जोरात घ्या," उज्वला म्हणाली. "त्यांच्या पुढून जाऊ."