कूस पालटण्याच्या परीक्षेची हकीकत

श्रीधन्वंतरी प्रसन्न. सांगणाराने जीभ आणि ऐकणाराने उतावीळ ताब्यात ठेवावी, मग हकीकत नीट उतरते. शके सतराशे तेवीस, दुर्मति नाम संवत्सर. संवत्सराचे नाव ऐसे, परंतु त्याच साली राज्यात एक सुबुद्धी सुचली. ती ऐसी की, राजधानीच्या रुग्णशाळेत जे रोगी उठू शकत नसत त्यांच्या पाठी निजून निजून फुटत, आणि मूळ रोग बरा होऊनही माणूस त्या जखमांनी जाई. तेव्हा मोरंभट वैद्य यांणी विचार काढिला की, दर पाच घटकांनी रोग्याची कूस पालटावी, म्हणजे पाठ शाबूत राहील. आणि महाराजांनी विचारिले, "खात्री आहे?" तेव्हा भटजी बोलिले, "नाही महाराज. मागे माझ्याच लेपाची मला खात्री होती. चार माणसे दगावल्यावर ती गेली. म्हणोन आधी परीक्षा, मग खात्री." ऐसे म्हणणारा वैद्य आम्ही तरी दुसरा पाहिला नाही.

मग रुग्णशाळेची दोन दालने, पूर्वेचे व पश्चिमेचे, दोहोंत तीस तीस रोगी. चिठ्ठी टाकिली ती पूर्वेची निघाली, आणि हुकूम जाहला की पूर्वेस कूस पालटावी, पश्चिमेस जैसे चालले तैसे चालू द्यावे, आणि चार महिन्यांनी जखमा मोजाव्या. काम गोजराबाई नामे परिचारिका व तिच्या हाताखालील सहा बायका यांजकडे दिले. चार महिने गेले, मोजणी जाहली, आणि पूर्वेस तीन, पश्चिमेसही तीनच! भटजी पाटावर बसले ते बसलेच. आणि कारभारी यांणी दरबारी अर्ज केला की, फरक काडीचा नाही, बायकांचे हात मात्र मोडतात, सबब ही रीत उद्यापासून बंद करावी. महाराजांनी शिक्का हाती घेतला.

तेव्हा गोजराबाई पुढे आली आणि म्हणाली, "सरकार, थांबा. वैद्यबुवांचं चुकलं नाही, आमचं चुकलं. ते जेवायला, निजायला गेले की आम्ही पश्चिमेची माणसंही वळवत होतो." कारभारी गरजले, "हुकूम मोडिला?" ती म्हणाली, "मोडला. एका माणसाची कूस बदलायची आणि भिंतीपलीकडच्याची पाठ कुजताना बघायची, हे नाही जमलं आम्हाला. आज गप्प बसले असते तर नोकरी राहिली असती, पण रीत बंद झाली असती, आणि मग सगळ्यांच्याच पाठी फुटल्या असत्या."

भटजी प्रथम रागे भरले, "बाई, दया केलीत आणि माझी परीक्षा बुडविलीत!" महाराज म्हणाले, "गेल्या साली तिसांत बारा जखमी होते, आज तीन. आणखी काय पाहिजे?" त्याजवर भटजी बोलिले, "यंदा रोगी धडधाकट आले असतील, हवा बरी असेल. लेपाचे वेळीही मी ऐसेच म्हटले होते, आणखी काय पाहिजे." मग त्यांणी दुसरी तोड काढिली की, राज्यातील पाच ठाण्यांच्या रुग्णशाळांत ही रीत सुरू करावी, परंतु एकदम नव्हे, चिठ्ठीने पाळी लावावी, दर दोन महिन्यांनी एक ठाणे, कोणासच "नाही" म्हणावयाचे नाही, आधी कोण आणि मागाहून कोण इतकेच दैवावर. सर्वांनी मान डोलाविली. गोजराबाई एवढेच म्हणाली, "आणि शेवटच्या पाळीची माणसं?" कारभारी यांणी तिला पुन्हा हुकूम न मोडण्याची शपथ घेण्यास सांगितले, ती घेईना. मग शिरस्त्याप्रमाणे चाकरीतून दूर केली. आमचे मते भटजी व गोजराबाई दोघेही खरे होते, आणि दोघे खरे असले म्हणजे न्याय करणे फार जड जाते.

मग ठाणी पाळीने लागली. जेथे कूस पालटू लागली तेथे तिसांत दहाच्या जागी दोन जखमी, जेथे पाळी आली नव्हती तेथे दहाचे दहा. शंकेस जागा उरली नाही. शेवटच्या ठाण्यात वाट पाहता पाहता चौदा पाठी फुटल्या. हे कळताच गोजराबाई भटजींच्या दारी आली आणि म्हणाली, "त्या चौदांना सांगितलंत का, त्यांना का थांबवलं ते?" भटजींनी पागोटे चढविले आणि तिजसहवर्तमान ठाण्यास गेले. पहिल्याच खाटेवर रायाजी नामे म्हातारा बारगीर पालथा पडला होता. भटजींनी त्याजवळ बसून परीक्षा, चिठ्ठी, पाळी, सर्व सांगितले. रायाजीने ऐकून घेतले आणि विचारिले, "मग, कळलं का तुमास्नी?" "कळले." "पक्कं?" "पक्के." "मग बोलत काय बसलाय? धरा की, वळवा मला."

भटजींनी खांदा धरिला, गोजराबाईने कंबर धरिली, आणि त्यास कुशीवर केले.

तात्पर्य, ही रीत राज्यभर जारी जाहली आणि पुष्कळ पाठी वाचल्या. ज्यांच्या वाचल्या ते शेवटच्या ठाण्याच्या त्या चौदांस ओळखत नाहीत, म्हणोन येथे लिहून ठेविले.