नऊ नंबरचे टायर ठीक

"सतरा खणांत टिक मारत बसायचं, मग गाडी कधी हाकायची?" ऑफिसच्या खिडकीशी दौलत ड्रायव्हर पुटपुटला. बारा नंबरच्या ट्रकची चावी बोटात फिरत होती, पाय मात्र हलत नव्हते. अकरा वाजता रंगाची पिंपं घेऊन आळेफाट्याला जायचं आणि येताना कांद्याने भरलेली गाडी माळशेज घाटातून उतरवायची. बाराचा ब्रेक तीनदा दाबला की एकदा लागतो, हे मानपाड्याच्या अख्ख्या यार्डाला ठाऊक होतं. फक्त रोजच्या तपासणीच्या कागदाला नव्हतं. कॉम्प्युटरवर बसणारी संचिताही हे ठाऊक असून गप्प होती.

तेवढ्यात सुपरवायझर सुदेश भोईर आले, हातात लेकीच्या शाळेचं भिंग.

"संचिता, टेंभी नाक्यापासून शहाडपर्यंत भोईरसारखी नजर कोणाकडे नाही. टायर बघून भोईर सांगतो, ड्रायव्हरने नाश्त्याला काय खाल्लं."

मागच्या वेळी त्यांनी मिसळ सांगितली होती. त्या ड्रायव्हरचा उपास होता.

"हा नऊ नंबरचा कागद. रोज टायर ठीक, ब्रेक ठीक. आणि गाडी?"

गाडी यार्डाच्या मागे गणपतीपासून चाकांविना विटांवर उभी होती. केबिनमध्ये मांजर व्यायली होती.

"म्हणजे कोणीतरी रोज चाकं बसवतो, तपासतो आणि काढून नेतो. टोळी आहे!"

"पण आपल्याला कधी दिसले कसे नाहीत?"

"तीच तर त्यांची हुशारी!" भिंग कागदावर टेकलं. "सगळ्या गाड्यांच्या कागदांवर हात एकच. माणूस डावखुरा, उंच, कोकणातला."

"कोकणातला कशावरून?"

"खुणेचं शेपूट बघ, लाटेसारखं वळलंय. आणि हा दौलत तासभर इथे का घुटमळतोय? पाळत ठेवतोय!"

गेटवरच्या टपरीतून रंगूबाई चहा घेऊन आली. मूळची जुन्नरची, उंचीने टेबलाएवढी. उजव्या हाताने कप ठेवता ठेवता तिने कागद पाहिला.

"अगो बाई, हे तर माझं! पेन माझ्याच टपरीला बांधलंय ना. पोरं चहा पिताना म्हणतात, मावशी, काल होतं तेच मार. मी सोमवारीच आठवड्याचं उरकून टाकते. का हो भोईरदादा, काही चुकलं?"

"नऊला चाकं नाहीत, मावशी," संचिता म्हणाली.

"मग मला कोणी सांगायचं नाही?"

"भोईरला पहिल्यापासून हाच संशय होता," भोईर चहा फुंकत म्हणाले. "आजपासून ज्याची गाडी, त्याचा हात. दौलत, बाराचा कागद भर आणि नीघ."

दौलतने हॉर्न भरला. आरसे भरले. ब्रेकच्या खणावर पेन थांबलं. त्याने एकदा भोईरांकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे, आणि ठीकची खूण करायला मान खाली घातली.

संचिताने त्याच्या हातातून पेन काढून घेतलं.

"साहेब, बाराचा ब्रेक लागत नाही. सगळ्यांना माहितीये, तुम्हालाही. पण लिहीत कोणी नाही. काळुराम ड्रायव्हरने क्लच खराब लिहिलेलं, तेव्हा आपण क्लच नाही बदलला, काळुराम बदलला. त्याला घरी बसवायचं पत्र मीच टाईप केलेलं."