यल्लोजीअण्णांनी नापास केलेलं स्टेडियम

लान्सर्स फुटबॉल क्लबच्या नव्या स्टेडियमला आमच्या यल्लोजीअण्णांनी आतापर्यंत बावीस लाल टॅग लावले आहेत. एक फिरत्या फाटकाला, एक सरकत्या जिन्याला, एक पॉपकॉर्नच्या काउंटरला, बरेचसे खुर्च्यांना. एक तर क्लबच्या घोड्याला. म्हणजे मॅचभर घोड्याचा वेश घालून एक माणूस नाचतो, त्याच्या शेपटीला. त्या बिचाऱ्याला पत्ताच नव्हता. पूर्ण नव्वद मिनिटं तो शेपटीला ‘नापास’ बांधून उड्या मारत होता, आणि अण्णा खुर्चीत ताठ बसून समाधानाने मान हलवत होते.

अण्णा म्हणजे माझ्या वडिलांचे आतेभाऊ. चौतीस वर्षं ते बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. लेथवरून उतरलेला प्रत्येक पार्ट त्यांच्या टेबलावर यायचा. बरोबर असेल तर हिरवा टॅग, थोडी दुरुस्ती हवी असेल तर पिवळा, आणि वाया गेला असेल तर लाल. लाल टॅग लागलेल्या पार्टला मालकसुद्धा हात लावत नसे. ज्याने तो बांधला त्यानेच सोडवायचा, असा नियम. निवृत्त झाले त्या दिवशी कारखान्याने त्यांना काय हवं ते विचारलं. लोक घड्याळ मागतात. अण्णांनी उरलेले टॅग मागितले. तिन्ही रंगांचे, स्थळप्रतींसकट. वस्तू, दोष, तारीख, सही, असे चार रकाने छापलेले.

आमचं घर बेंगळुरूबाहेर, आनेकलला. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. रोज बसने येणं-जाणं जमेना, म्हणून मी अण्णांकडे राहते. बीएस्सीच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला सरांनी हातात जाडी मोजायचा व्हर्नियर दिला. वर्गातल्या सगळ्यांना तो वाचता येत होता, निदान मला तसं वाटलं. मी काहीतरी आकडे लिहिले आणि रडवेली होऊन घरी आले. अण्णांनी आपला व्हर्नियर काढला आणि त्यांच्या बायकोने, रुक्माक्कांनी, नुकतीच तव्यावरून उतरवलेली चपाती त्यात धरली.

“वाच.”

“दोन पॉइंट चार?”

“सरी, बरोबर. आता कडेला.”

“तीन पॉइंट एक.”

“टॉलरन्सच्या बाहेर,” अण्णांनी जाहीर केलं.

“मग तुम्ही पण बाहेर जाऊन जेवा,” रुक्माक्का म्हणाल्या.

टॉलरन्स म्हणजे किती चूक माफ आहे ते, हे मला त्या दिवशी कळलं. पुस्तकात इतकं सोपं लिहिलेलं नाही. अण्णांचं दुसरं आवडतं वाक्य म्हणजे, “तपासल्याशिवाय सरी म्हणू नये.” दूधवाल्याला, मला, टीव्हीवरच्या मंत्र्यांना, सगळ्यांना ते हेच सांगतात.

आपले पूर्वज तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी बेंगळुरूला आले असं अण्णा सांगतात, पण त्यांच्या लेखी खरा इतिहास सुरू होतो तो लान्सर्सच्या जुन्या ग्राउंडवर. मी ते ग्राउंड एकदाच पाहिलं, तेही बंद झाल्यावर, फाटकाच्या फटीतून. तीन बाजूंना दगडी पायऱ्या, चौथ्या बाजूला भिंत. खुर्च्या नाहीत, नंबर नाहीत. रुमाल टाकला की जागा आपली. टचलाइन इतकी जवळ की खेळाडू घसरला तर माती प्रेक्षकांच्या चहात पडायची.

“आणि गोलकीपरने दिलेल्या शिव्या ऐकू यायच्या,” अण्णा सांगतात, “चार भाषांत.”

नवं स्टेडियम एचएसआर लेआउटच्या पलीकडे आहे. मोठं, पांढरं, वर अर्धं छप्पर. खरं सांगायचं तर मला ते फार आवडतं. पहिल्यांदा आत गेले तेव्हा दिव्यांखालचं ते हिरवं गवत बघून मी मोठ्याने “अय्यो!” म्हणाले होते. अण्णांसमोर मात्र मी हे कबूल करत नाही. अक्का करतात.

“बायकांसाठी बाथरूम आहेत, आत पाणी आहे, दाराला कडी आहे. त्या जुन्या ग्राउंडवर मी वीस वर्षं घोटभर पाणी न पिता मॅच बघितली. मला द्या तुमचे टॅग, सगळे हिरवे लावून येते.”

“तू बाथरूम तपासलंस. मी स्टेडियम तपासतोय.”

तरीही अण्णा प्रत्येक मॅचला जातात. दक्षिण कोपऱ्यातली खालून दुसरी रांग, तीन खुर्च्या. गुडघे दुखायला लागल्यापासून अक्का येत नाहीत, त्यामुळे अण्णा एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला आणि मधली खुर्ची रिकामी. मी एकदा सरकून मध्ये बसायला गेले, तर म्हणाले, “स्वल्प पलीकडेच बस. तिथून चांगलं दिसतं.” एका खुर्चीने असा काय फरक पडणार, असं मनात आलं, पण मोठ्यांना असं विचारायची मला सवय नाही.

मॅच सुरू झाली की अण्णाही सुरू होतात. सगळं सांगत राहतात. “सात नंबर, डावीकडून, आला, आला, एकाला चुकवलं, पास उजवीकडे, लांब गेला, छे!” तेही स्पीकरच्या वरताण आवाजात, कारण आमच्या रांगेच्या कठड्यालगतच्या खांबावर एक भलामोठा स्पीकर आहे आणि त्यावर सतत गाणी चालू असतात. पुढच्या रांगेतल्या एका मुलाने एकदा मागे वळून हात जोडले.

“अंकल, आम्हाला डोळे आहेत.”

“सरी, सरी,” अण्णा म्हणाले, आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा, “कॉर्नर मिळाला. अकरा नंबर घेतोय. हात वर केला...”

बाविसावा टॅग त्यांनी लावला तो या स्पीकरच्या खांबाला.

पुढच्या मॅचला आम्ही जागेवर बसलो आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. बाकी सगळ्या स्टेडियममध्ये गाणी दणाणत होती, आमचा कोपरा मात्र शांत. खांबाभोवती पिवळी पट्टी गुंडाळलेली, स्पीकरची वायर काढून नीट वेटोळं करून ठेवलेली, आणि मध्यभागी अण्णांचा लाल टॅग दिमाखात लटकत होता. स्टेडियमच्या देखभालवाल्यांनी तो खरा समजून स्पीकरच बंद केला होता.

मला हसू आवरेना. “अण्णा, जिंकलात!”

अण्णा हसले नाहीत. पहिल्या हाफमध्ये तर त्यांनी मॅचही सांगितली नाही. कान देऊन बसले होते. खालून चेंडूला लागलेल्या बुटाचा आवाज आला, गोलकीपर कोणाला तरी ओरडला, आणि अण्णांनी मधल्या खुर्चीवर हात ठेवला. मग एकदम घाईने काढून घेतला.

घरी येताना ते बसमध्ये म्हणाले, “सुमा, तो स्पीकर चांगला होता.”

“म्हणजे?”

“दोष काहीच नव्हता त्यात. चौतीस वर्षांत मी चांगल्या पार्टला लाल टॅग लावला नाही. एकदाही नाही.”

“पण बाकीचे एकवीस?”

“ती चेष्टा होती. चेष्टेचा टॅग कोणी मानत नाही. हा कोणीतरी मानला.”

रात्री ते जेवले नाहीत. मी त्यांच्या टॅगच्या स्थळप्रती काढून बसले. मला वाटलं, त्यात काहीतरी खरं कारण सापडेल आणि ते दाखवून त्यांना जेवायला बसवता येईल. ‘दोष’ या रकान्यात अण्णांचं रेखीव अक्षर होतं. फिरतं फाटक: दोन माणसं हात धरून जाऊ शकत नाहीत. सरकता जिना: पहिली पायरी कधी येते ते कळत नाही. पॉपकॉर्न: सगळीकडे एकच वास. खुर्ची: नंबर फक्त रंगवलेला, हाताला लागत नाही. घोडा: न सांगता अंगावर येतो. टचलाइन: लांब, चेंडू ऐकू येत नाही.

मी दोनदा वाचलं. हे दोष अण्णांना सोसावे लागणारे नव्हतेच. अण्णांना तर लांबूनही सात नंबर दिसतो.

“अक्का, हे कोणासाठी आहे?”

अक्का भांडी पुसत होत्या. “अँथनीसाठी. अजून कोणासाठी?”

अँथनीअंकल अण्णांच्या कारखान्यात ग्राइंडिंगवर होते. शुगरमुळे दोन्ही डोळे गेले, त्याला आठ वर्षं झाली. त्यानंतरही ते जुन्या ग्राउंडवर प्रत्येक मॅचला अण्णांचा हात धरून जात. थोडं अण्णा सांगायचे, बाकीचं ते ऐकायचे. दगडी पायरीवर पाय मोजत आपल्या जागेवर बरोबर पोचायचे. नव्या स्टेडियमवर ते एकदाच आले. जिन्यावर अडखळले, घोड्याला दचकले, आणि गाण्यांच्या त्या गदारोळात कानांवर हात ठेवून वीस मिनिटं बसले. मग म्हणाले, “यल्लोजी, मॅच कुठे चाललीय?” त्या दिवसापासून ते आले नाहीत. अण्णांनी पुन्हा बोलावलं तर म्हणाले, तू जा, मी रेडिओ ऐकतो.

“आणि रेडिओवर लान्सर्सच्या मॅच लागतच नाहीत,” अक्का म्हणाल्या. “हे दोघांना माहीत आहे.”

दुसऱ्या दिवशी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून कबुली द्यायला निघाले. मी कॉलेज बुडवून सोबत गेले. देखभालीच्या ऑफिसात मंजुनाथ नावाचा सुपरवायझर बसला होता, तिशीतला असेल. अण्णांनी उभ्यानेच सांगितलं की टॅग त्यांनी लावला, स्पीकर निर्दोष आहे आणि चूक संपूर्ण त्यांची.

मंजुनाथ खुर्चीवरून उठला. “टॅग तुमचा, सर? मी पीण्यातल्या कारखान्यात चार वर्षं काढलीत. लाल टॅग, खाली सही, तारीख. मी माझ्या पोरांना सांगितलं, ज्याने लावलाय तो येईपर्यंत हात लावायचा नाही.”

अण्णांचा चेहरा क्षणभर उजळला. “बरोबर केलंस तू. अगदी बरोबर. म्हणूनच तर मला लाज वाटते.”

“पण सर, लावला कशाला?”

मला अनोळखी माणसांशी, त्यातही ऑफिसातल्या माणसांशी बोलायला फार भीती वाटते. पण अण्णा बोलणार नव्हते. म्हणून मी अडखळत, अर्धं कन्नडमध्ये, अँथनीअंकलचं सगळं सांगितलं. सांगताना माझाच आवाज मला अनोळखी वाटत होता.

मंजुनाथने डोकं खाजवलं. “पूर्ण बंद ठेवता येणार नाही, मॅडम. काही झालं तर सूचना ऐकू यायला हव्यात. पण तेवढ्या कोपऱ्यात गाणी काढून टाकता येतील. नुसत्या सूचना ठेवू. आणि जिना कशाला? बाजूला उतार आहे, व्हीलचेअरसाठी. तिथलं फाटकही रुंद आहे. दोघं हात धरून या.”

मला कोणी आयुष्यात पहिल्यांदाच मॅडम म्हटलं होतं. अण्णांनी खांबाजवळ जाऊन स्वतःच्या हाताने लाल टॅग सोडवला, घडी घालून खिशात ठेवला आणि येताना बसमध्ये मंजुनाथची इतकी तारीफ केली की शेजारच्या प्रवाशाने जागा बदलली.

अँथनीअंकलना आणणं त्याहून अवघड गेलं. “नको रे, तुला उगाच त्रास,” असं ते तीनदा म्हणाले. शेवटी अक्कांनी फोन घेतला. “अँथनी, तुम्ही आला नाहीत तर हे माझ्या गॅसला टॅग लावतील.” तेव्हा ते आले.

उंच, सडपातळ, दाढी गुळगुळीत केलेली. अण्णांनी त्यांचा हात आपल्या कोपरात घेतला. दोघं रुंद फाटकातून एकदमच आत शिरले. उतारावरून, मग खालच्या रांगेत. अँथनीअंकल मधल्या खुर्चीत बसले. आता मला कळलं, मी पलीकडेच का बसायचं ते.

मॅच सुरू झाली. पलीकडच्या स्टँडमधून गाणी अंधुक येत होती, आमच्या कोपऱ्यात नाही. अण्णा लगेच कामाला लागले. “सात नंबर, डावीकडून, एकाला चुकवलं, आता पास...”

“डाव्या पायाने मारला,” अँथनीअंकल म्हणाले.

अण्णा थांबले. “तुला कसं कळलं?”

“आवाजावरून. गवत ओलं आहे ना? चेंडू जड लागतोय. आणि यांचा गोलकीपर नवा आहे, तमिळमध्ये ओरडतोय.” त्यांनी मान किंचित तिरकी केली. “यल्लोजी, स्वल्प गप्प बस. मला ऐकू दे.”

अण्णा खरोखर गप्प बसले. लान्सर्स एक गोलने हरले तरी गप्पच होते. चेहऱ्यावर मात्र असं काही होतं की समोरच्या रांगेतला तो मुलगा दोनदा वळून बघून गेला.

मॅच संपल्यावर गर्दी ओसरेपर्यंत आम्ही थांबलो. अण्णांनी खिशातून एक कोरा टॅग काढला, गुडघ्यावर ठेवून चारही रकाने भरले आणि मधल्या खुर्चीच्या हाताला बांधला. दोऱ्याची खसखस अँथनीअंकलना ऐकू आली. त्यांनी हात पुढे करून टॅग चाचपला.

“काय लावलंस? कुठला रंग?”

“पिवळा,” अण्णा म्हणाले. “एका मॅचवर पास करत नाहीत. पुढच्या मॅचला परत तपासावं लागेल. तुला यावं लागेल.”

“सरी,” अँथनीअंकल म्हणाले. “तपासल्याशिवाय काही खरं नाही.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली, म्हणजे बोलू नकोस. मी बोलले नाही. टॅग हिरवा होता.