मधाचा थर

चित्रकलेच्या क्लासला बालीगंजला निघताना नूपुरनं आईला बजावलं, "आई, या ग्लासला कोणी हात नाही लावायचा हं. सोमवारी शाळेत प्रदर्शन आहे. खाली मध, त्याच्यावर भांड्याचा हिरवा साबण, मग लाल पाणी, वर तेल. ज्याचे कण दाटीनं बसले, तो खाली जाते."

"जातो," मंगलाताई हळूच म्हणाल्या.

"तेच ते!" म्हणत नूपुर जिना उतरली.

चार रंग एकमेकांवर असे निवांत बसले होते, की मंगलाताईंना आपल्या लेकीचं फारच कौतुक वाटलं. त्यांनी ग्लास शोकेसवर नीट ठेवला, देवाला नैवेद्य दाखवला आणि जेवायला बसल्या.

चातुर्मासात मंगलाताई मौनानं जेवत. पहिल्या घासापासून चूळ भरेपर्यंत शब्द नाही, हुंकारसुद्धा नाही. मध्ये उठायचं नाही, पानात टाकायचं नाही. लिहून दाखवणं म्हणजे बोलणंच, असं सासूबाईंनी पहिल्याच वर्षी सांगून ठेवलेलं. हाताच्या खुणा तेवढ्या चालत. आता कार्तिकी एकादशी तोंडावर आली होती. उद्यापनाला देवळात द्यायची घंटाही आणून झाली होती. एक शब्द निसटला असता, तर अख्खा चातुर्मास पाण्यात!

दुसरा घास तोंडात गेला आणि बेल वाजली. नुकतेच बाजारातून आलेले त्यांचे यजमान विवेकराव दार उघडायला गेले. बाहेर बंगाली घरमालक दत्तबाबू, जिना चढून घामाघूम.

"आइए, दादा! चाय लेंगे?"

"आरे ना ना, इतना गरम में चाय? कुछ ठंडा है तो दीजिए."

विवेकरावांची नजर शोकेसवर गेली. चेहरा उजळला. "अगं, एवढं देखणं सरबत केलंस आणि सांगितलं नाहीस?"

मंगलाताईंनी घास घाईनं गिळला. त्यांनी ग्लासकडे बोट केलं आणि ताटावर हात गोल गोल फिरवून भांडी घासायची खूण केली.

"भात हवाय? मग सांगायचं ना!" विवेकरावांनी भाताचा डोंगर वाढला.

मंगलाताईंनी कपाळावर हात मारला.

"हो हो, तूप राहिलं." भातावर तूप आलं.

मग विवेकरावांनी नूपुरच्या वाढदिवसातली उरलेली लांब स्ट्रॉ ग्लासात थेट तळापर्यंत खोचली आणि दत्तबाबूंच्या हातात ग्लास दिला. दत्तबाबूंनी ओढायला सुरुवात केली. काही येईना. गाल आत गेले, डोळे बाहेर आले.

"बहुत गाढ़ा है," ते म्हणाले आणि पुन्हा जोर लावला. मग एकदम चेहरा फुलला आणि ते मंगलाताईंकडे वळले. "आहा! की मिष्टी! बौदी, क्या चीज़ बनाया है!"

मध! तळाचा मध वर चढत होता. पण मध जसा कमी होई, तसा त्याच्यावरचा हिरवा साबण शांतपणे खाली उतरत होता. लाल पाणी त्याच्या मागून, तेल पाण्याच्या मागून, सगळे आपापली रांग न मोडता. लेकीचं विज्ञान तंतोतंत खरं निघत होतं आणि आईचा जीव जात होता.

आता एकच मार्ग. ताट संपवायचं, चूळ भरायची, बोलायचं. मंगलाताई जेवू लागल्या. अशा जेवल्या की सासूबाईंनी पाहिलं असतं तर माहेरचा उद्धार केला असता. हिरवा थर बोटभर खाली आला. भाताचा डोंगर अर्धा झाला.

"भूक लागलीय वाटतं फार," विवेकराव मायेनं म्हणाले आणि पातेलं घेऊन पुन्हा आले. मंगलाताईंनी ताटावर आडवं पडून ते राखलं. मग त्यांनी दोन्ही हात जोडले.

"नमस्कार कसला? घरचाच भात आहे." आणि बाजूनं एक डाव सरकवलाच.

साबण स्ट्रॉच्या टोकाशी टेकला. शेवटचं शीत तोंडात टाकून मंगलाताई मोरीकडे धावल्या, चूळ भरली, तोंड न पुसताच परत आल्या आणि बोलणार तोच...

"बस!" दत्तबाबूंनी ग्लास खाली ठेवला. "और नहीं पिएगा. डॉक्टर मना किया है, सुगर है."

मंगलाताईंनी डोळे मिटले. गजानना, दत्तबाबूही वाचले आणि व्रतही.

"अरे, एवढं टाकायचं कशाला?" विवेकरावांनी ग्लास उचलला. स्ट्रॉ ओठांत धरली.

बोलायला आता काहीच आडकाठी नव्हती. मंगलाताईंनी आपल्या टम्म पोटावरून हात फिरवला. देव्हाऱ्याकडे पाहिलं. देवाची काही हरकत दिसली नाही.

विवेकरावांनी सणसणीत घोट घेतला. मग ते "अगं" म्हणायला गेले, आणि "अ" च्या जागी एक फुगा आला. त्याच्यामागून दुसरा. खोकला आला, तसे नाकातूनही आले. पंख्याच्या वाऱ्यानं ते हॉलभर तरंगू लागले.

दत्तबाबू लहान मुलासारखे बघत राहिले.

"ओ बाबा! ऊपर में सोडा भी था?" ते हळहळले. "मुझको तो बोलाई नहीं!" आणि डॉक्टरला विसरून त्यांनी ग्लासकडे हात पुढे केला.

तेव्हा मात्र मंगलाताई बोलल्या. म्हणजे, ओरडल्या. आजवर ज्या बाईचा आवाज शेजारच्या खोलीत गेला नव्हता, तिचा "नाहीऽऽ!" तळमजल्यावर दत्तबाबूंच्या बायकोनं ऐकला आणि ती लाटणं घेऊनच वर आली.