सहावी जागा

रविवारपर्यंत हो की नाही ते सांगायचं होतं, आणि वळ गावच्या धनेशला हो म्हणायचं होतं. एवढं सोपं होतं सगळं. पण धनेशनं आयुष्यात कुणाला काही सांगितलं नव्हतं, तो फक्त विचारायचा. लग्न ठरवताना मुलगी पसंत आहे का, असं मुलीकडच्यांनी विचारलं, तेव्हासुद्धा यानं त्यांनाच विचारलं होतं, "तुमाला काय वाटतं?"

भानगड अशी. भिवंडीत चांगदेवकाका नावाचे एक निवृत्त केमिस्ट होते. कपडा रंगवण्याच्या कारखान्यात तीस वर्षं काढल्यावर त्यांनी घरच्या घरी बियर आणि वाईन बनवणाऱ्या हौशी लोकांचा क्लब काढला. क्लबात जागा सहा, मेंबर पाच. सरकारी परवानगीचा अर्ज आठ महिन्यांपूर्वी दिला होता. ती येईपर्यंत कायदा मोडायचा नाही, म्हणून पाचही जण बाल्कनीत बसून आल्याचं बिनदारूचं पेय बनवत आणि चवीवर गंभीर चर्चा करत.

धनेश एकदा सहज तिथे गेला. काकांनी त्याला एक बरणी ढवळायला दिली. दुसऱ्या दिवशी तो परत गेला तर त्या बरणीवर फेस आला होता, आणि धनेश अर्धा तास बघतच राहिला. शेतावर गोदामं उभी राहिल्यापासून सहा वर्षांत त्यानं स्वतःच्या हातानं काही केलंच नव्हतं. सकाळी गोदामाला एक चक्कर, एक तारखेला भाड्याचा चेक, मधला सगळा वेळ पंख्याखाली. ती बरणी त्याला फार आवडली. काकांनी सहावी जागा देऊ केली आणि रविवारपर्यंत कळवायला सांगितलं.

घरी येऊन त्यानं बायकोला विचारलं, "निशा, एक क्लब हाय, घरी बियर बनवायचा. जाऊ का मी?"

निशा भाकरी थापत होती. "माजं काय जातंय? बाबांना इचारा."

बाबा म्हणजे केसरीनाथ. ते ओट्यावर पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "भावकीच्या कानावर घाल. उद्या कोनी बोलाया नको."

म्हणून धनेशनं चुलतभावाला विचारलं. चुलतभाऊ रघू, पाण्याचे दोन टँकर बाळगून होता.

"बियर बनवतात?" रघू ताडकन उभा राहिला. "मग पानी लागंल की! टँकर माजा. दुसऱ्या कोनाला शब्द देऊ नको, सांगून ठेवतो."

"अरे, कंपनी न्हाय ती. क्लब हाय."

"नाव काय पन असू दे."

वळमध्ये बाहेरची कुठलीही कंपनी आली की कामं वाटून घ्यायची, ही रीत. हमाली एकाकडे, टँकर दुसऱ्याकडे, वॉचमन तिसऱ्याचा. आणि भंगार! भंगाराच्या कामावरून गावात दोन सख्खे भाऊ चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. त्या दोघांचेही मिसकॉल संध्याकाळपर्यंत धनेशच्या मोबाईलवर येऊन पडले.

"जागा किती स्क्वेअर फुटांची?" नाक्यावर एकानं विचारलं.

"एक बाल्कनी हाय," धनेश खरं ते बोलला.

ऐकणारे एकमेकांकडे बघून हसले. एवढं लपवतोय म्हणजे पार्टी तगडी आहे!

शुक्रवारी बचत गटाच्या पार्वतीकाकी दहा बायका घेऊन दारात. "गावात दारूची कंपनी आनतोस? लाज न्हाय वाटत? एक ईट लागू देनार न्हाय आमी!"

"काकी, मी फक्त इचारत व्हतो..."

"आनि समजा आलीच," काकींनी आवाज खाली आणला, "तर बाटल्या धुयाचं काम आमच्या गटाला. लिहून पायजे."

शनिवारी धनेशला वाटलं, चांगदेवकाकांनाच बोलवावं, म्हणजे गैरसमज मिटेल. तेही त्यानं बाबांना विचारलं. बाबांनी भावकीला कळवलं आणि रविवारी सकाळी समाजमंदिरात दीडशे माणसं जमली. सतरंज्या, माईक, पाहुण्यांसाठी हार. चांगदेवकाका रिक्षातून उतरले, हातातली कापडी पिशवी सांभाळत. पिशवीत एक बरणी होती.

"सँपल आनलंय," मागून कुणीतरी कौतुकानं म्हणालं.

रघूनं माईक घेतला. "सायेब, दिवसाला गाड्या किती भरतील?"

"गाड्या?" काकांनी बरणी वर धरली. "सगळं मिळून हे एवढंच आहे हो. तीन लिटर. महिन्याला."

रघूनं माईक खाली ठेवला.

"आनि भंगार?" एक क्षीण आवाज आला.

"कधीतरी एखादी बाटली फुटते."

पार्वतीकाकी तरातरा पुढे आल्या. बरणी उघडून त्यांनी वास घेतला, मग झाकणात ओतून घोटभर प्यायल्या. "ह्यात दारू हाय कुठं? सुंठीचा काढा हाय हा. आनि आलं कमी पडलंय!"

आता खरं तर लोकांनी घरी जायला हवं होतं. पण जमलेली सभा काही न ठरवता उठली, असं वळमध्ये कधी झालेलं नाही. हाराचं तरी काय करायचं? एका म्हाताऱ्यानं विचारलं, "क्लबात जागा तरी किती हाईत?"

"आता एकच उरलीय," काका म्हणाले.

"मग ज्यांच्या घरातनं इषय निघाला त्यांना द्या!"

टाळ्या पडल्या. धनेश उठून पुढे सरकला. त्याला तो फेस दिसायला लागला. काकांनी वही उघडली. "नाव?"

"केसरीनाथ!" सगळी सभा एका आवाजात ओरडली. गोदाम, रेशनकार्ड, देवळाची वर्गणी, सगळं घरातल्या मोठ्याच्या नावावर असतं, मग हे कसं वेगळं? केसरीनाथ उठले, सही केली आणि हार घालून घेतला. काकांनी धनेशकडे बघितलं. धनेशनं मान खाली घातली.

दुपारी तो घरी आला तर बाबा मोरीपाशी पाटावर बसून आलं किसत होते. चष्मा नाकावर, तोंड कडू. दारातच धनेशचा बांध फुटला.

"बाबा, मना जायाचं व्हतं! मना!"

केसरीनाथांचा हात थांबला. "तुला?"

"मना न्हाय तर कोनाला?"

"अरे, मग बोलायचं! आठ दिस तू गावभर इचारत फिरतोस. आमाला वाटलं, तुला नको हाय आनि तोंडानं नाय म्हनवत न्हाय. म्हनून तुला सोडवाया मी सही केली. मना आल्यानं किती जलजलतं ठाऊक हाय ना?"

निशा पदर तोंडाला लावून आतून ऐकत होती.

"बरं, असू दे," बाबांनी तोडगा काढला. "नाव माजं राहू दे, बरनी तू ढवल. गोदामाचं पन आपलं तसंच हाय की."

"न्हाय," धनेश म्हणाला. "नाव पन माजंच पायजे."

निशा बाहेर आली. केसरीनाथांनी चष्मा काढून मुलाकडे नीट बघितलं. चौतीस वर्षांत हा सूर या घरात कधी लागला नव्हता.

"आसं!" ते किसणी त्याच्या हातात देत म्हणाले. "ह्ये आठ दिस आधी बोलला असतास, तर माज्या बोटाची साल वाचली असती."