बिनसाखरेच्या चहाचा अर्ज

कोल्हापूरजवळच्या एका सहकारी साखर कारखान्यातले वजनकाट्यावरचे लिपिक भूपालअण्णा मगदूम यांना मधुमेह झाला, ही बाब व्यवस्थापनाने अत्यंत गांभीर्याने घेतली. आरोग्य शिबिर भरवले. शिबिरात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बिनसाखरेचा चहा मधुमेहींना कदाचित थोडाफार फायद्याचा ठरेल. संशोधन अजून चालू आहे."

तिसऱ्या दिवशी परिपत्रक निघाले. त्यातून 'कदाचित' गळले होते, कारण परिपत्रकात शंकेला जागा नसते. 'थोडाफार' गळले, कारण कल्याणकारी योजना थोडीफार नसते. आणि 'बिनसाखरेचा' हा शब्द साखर कारखान्याच्या लेटरहेडवर छापण्याची छाती कोणाची? उरले ते एवढेच, की चहा मधुमेहींना फायद्याचा आहे. सबब मधुमेही कर्मचाऱ्यांना रोज चार कप चहा सक्तीचा झाला.

अण्णांच्या पायाच्या अंगठ्याला बूट चावून झालेली जखम महिनाभर भरत नव्हती. पहिल्याच कपाला त्यांचे ओठ एकमेकांना चिकटले. ते तडक कामगार कल्याण अधिकारी सोमशेखर यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"सायेब, माझ्या चहात साखर घालू नका की. अंगठा काळा पडाय लागलाय."

"अण्णा, कारखान्याचं खाताय आन् साखर नको म्हणताय व्हय? सभासदांच्या कानावर गेलं तर? अर्ज करा."

अण्णांनी अर्ज केला. सोबत रक्ताचा अहवाल जोडायचा होता, त्यात साखर तीनशे दहा निघाली. संचालक मंडळाने त्यावर साधकबाधक चर्चा केली आणि चहाचा गुण यायला मात्रा कमी पडते आहे, असा निष्कर्ष काढला. चाराचे सहा कप झाले. यंदा उसाचा साखर उतारा घसरलेला असल्याने निदान एक आकडा चढलेला बघून मंडळाला बरेही वाटले असावे. अण्णांनी दोन दिवस चहा खिडकीबाहेर ओतून पाहिला, पण तिथे मुंग्यांची रांग लागली आणि अण्णांची चौकशी झाली.

पुढच्या महिन्यात अंगठा काढावा लागला. अण्णा दवाखान्यातून घरी आले त्याच दिवशी अर्जावरचा शेरा हाती पडला : 'अंगठा शिल्लक नसल्याने अर्जाचे कारण उरत नाही. अर्ज निकाली.'

संध्याकाळी गडमुडशिंगीहून जुना मित्र केरबा भेटायला आला. पट्टी बांधलेला पाय स्टुलावर ठेवून अण्णांनी सगळी हकिगत सांगितली. सांगताना त्यांचा आवाज संतापाने थरथरत होता आणि केरबाचे डोळे भरून आले होते. एवढ्यात अण्णांच्या बायकोने, त्रिशलाबाईंनी, स्वयंपाकघरातून विचारले, "भावजी, चहा टाकू न्हवं?"

"नको वैनी. मला बी शुगर हाय."

अण्णा पाय विसरून उठायलाच निघाले. "आमच्या घरात येऊन चहा नको म्हणतोस व्हय? अपमान करायला आलायस? अगं, साखर जरा सढळ हातानं घाल. एका कपानं काय हुतंय!"

केरबाने कप घेतला आणि खाली मान घालून संपवला.

तुम्ही उगाच हसू नका. तुमच्या घरी आलेला पाहुणा मागच्या खेपेला चहा नको म्हणाला, तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात तेवढे आठवा, आणि जमल्यास त्याच्या पायाची चौकशी करा.