घारींचा टाइमकीपर

आमच्या शेजारचे रंगराव आप्पा घारींची हजेरी घेतात. चेष्टा नाही. रोज सकाळी सहा वाजता लाल बांधणीचं लांबलचक मस्टर मांडीवर घेऊन ते दारातल्या खुर्चीत बसतात, कानामागचं पेन काढतात आणि समोरच्या निलगिरीच्या शेंड्याकडे बघत लिहितात, "नंबर एक, सहा सतरा, बाहेर. नंबर दोन, सहा बावीस, बाहेर." संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला त्या दोन्ही घारी झाडावर परतल्या की मस्टर मिटतात, दार ढकलून घरात तोंड घालतात आणि अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडतात, "आल्या! दोन्ही बी आल्या! खाडा न्हाय!"

बरं, घरात कोणी नाही. बायको वारून तीन वर्षं झाली, मुलगी आजऱ्याला दिलेली. मग हा माणूस ओरडून सांगतो कुणाला? आमच्या ह्यांना विचारलं तर म्हणाले, "अगं, कारखान्यातली सवय. यंत्रांच्या आवाजात ओरडूनच बोलावं लागतं." असेल बाई सवय. पण मी गणिताची मास्तरीण. नेमकी त्याच वेळी पेपर तपासत बसलेली असते आणि त्या आरोळीसरशी दचकून माझं लाल पेन भलतीकडेच रेघ ओढतं. दोन वर्षं मी हे सोसतेय.

आप्पा साखर कारखान्यात टाइमकीपर होते. गेटवर बसायचं, कोण किती वाजता आला, कोण गेला, कुणाचा खाडा, ते लिहायचं. चौतीस वर्षं हेच केलं. मग रिटायर झाले, पण मस्टर काही सुटलं नाही. आम्ही दोन वर्षांपूर्वी कसबा बावड्यात उसाच्या कडेला प्लॉट घेऊन घर बांधलं आणि शेजार म्हणून हे आमच्या नशिबी आले.

पहिल्याच दिवशी मी तारेवर कपडे वाळत घालत होते, तर पलीकडून आवाज आला, "वैनी, जरा बाजूला सरा! शिक्रा यायलाय, दिसंना मला." मी कोण, कुठली, कसलीही चौकशी नाही. सरले बाजूला. करतेय काय?

शिकारी पाखरांचे त्यांनी कारखान्यासारखे प्रकारच पाडलेत. घारी कायम कामगार. शिक्रा रोजंदारीवर, "आला तर आला, भरवसा न्हाय." उसाच्या शेतावर एका जागी पंख हलवत तरंगणारी पांढरी कापशी घार हंगामी, "तोडणी लागली की उंदरं बाहीर पडत्यात, मग हिचा सीझन." आणि गव्हाणी घुबड रात्रपाळीला. त्यांची दुर्बीण एका डोळ्यानं आंधळी आहे, त्यामुळे दुसरा डोळा मिटून बघतात आणि बघता बघता तोंड उघडं पडतं. काहीही विचारा, उत्तर एकच, "रेकॉर्डला पाहिजे की!"

तेवढंही मी चालवून घेतलं असतं. पण गोष्ट चटणीवर आली. कोल्हापुरात राहून वर्षाची चटणी घरात नाही म्हटल्यावर सासरचे सोडाच, माहेरचेही तोंड बघणार नाहीत. एप्रिलमध्ये सकाळची शाळा, दुपारी मी मोकळी. ब्याडगी आणली, संकेश्वरी आणली, देठं काढली आणि गच्चीवर जुनं लुगडं पसरून मिरची वाळत घातली. उठून वळते न वळते, तोच मागून डोक्यात दाणकन काहीतरी बसलं. अंबाडा सुटला. सूप एकीकडे, मी एकीकडे. वर बघते तर घार गिरकी घेऊन पुन्हा माझ्यावरच येतेय! मी जिना कसा उतरले ते मला आजही आठवत नाही.

खाली आप्पा उभेच. माणसानं विचारावं, लागलं का, रक्त आलं का. यांनी विचारलं, "वैनी, टाइम काय झालता?"

"कसला टाइम?"

"मारली तवाचा. रेकॉर्डला पाहिजे की!"

"आप्पा, डोकं फुटलं असतं माझं!"

"फुटलं न्हाय न्हवं? घरट्यात पिल्लू हाय तिचं. ती आपली ड्युटी करायल्या. तुम्हीच न विचारता तिच्या खात्यात घुसलासा."

गच्ची माझी, मिरची माझी, डोकं माझं, आणि म्हणे तिचं खातं! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

दुसऱ्याच दिवशी मी झाड तोडणाऱ्याला बोलावलं. निलगिरी दोघांच्या कुंपणावर आहे, निदान आमच्या बाजूच्या फांद्या तरी उतरवू म्हटलं. आप्पांनी खुर्ची उचलली आणि थेट बुंध्याला टेकून बसले. "पिल्लू उडू दे, मग मी सोता दोर धरतो. पण चालू पाळीत कामगाराला हात लावता येत न्हाय." मला वाटलं, आता चांगली जुंपणार. अर्ध्या तासानं बघते तर कुऱ्हाड झाडाला टेकवलेली, तो तोडणारा एक डोळा मिटून दुर्बिणीतून पिल्लू बघतोय आणि आमचे हे दोघांना चहा देतायत. त्या दिवशी मी हात टेकले.

मग आठवडाभर डोक्यावर पातेलं घालून मिरची खालीवर केली. शाळेतल्या मुलांनी पाहिलं असतं तर जन्मात कुणी मला घाबरलं नसतं. शेवटी आप्पांनाच माझी दया आली. एक दिवस पुठ्ठ्याचा मुखवटा करून घेऊन आले. झुपकेदार मिशा, वटारलेले डोळे. तो तोंडावर नाही, डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायचा.

"घार पाठीमागनंच येती. डोळ्याला डोळा दिसला की तिचं धाडस हुईत न्हाय."

"आणि हा कोण?"

"आमचा जुना शिफ्ट इंजिनीअर. त्याला समदं खातं टरकून हुतं."

खोटं कशाला बोलू, घारही टरकली. त्या दिवसापासून तिनं मला एकदाही मारलं नाही. पण एका दुपारी मुखवटा सोडायचं विसरून मी तशीच खाली अंगणात आले आणि नवीन दूधवाला पाठीमागून येऊन "राम राम पावणं" म्हणून माझ्या अंबाड्याशी बोलत राहिला. कॉलनीला हसायला तेवढं पुरलं.

या माणसाशी भांडायचीसुद्धा सोय नाही, कारण तो खोटं बोलत नाही. "चौतीस वर्षांत एक खोटी हजेरी न्हाय लावली," हे मला आठवड्यातून दोनदा ऐकावं लागतं. सख्खा मेहुणा पाच मिनिटं उशिरा आला, तर त्यालाही लेट मार्क दिला म्हणे. मेहुण्यानं वर्षभर बोलणं टाकलं, बायकोनं आठ दिवस.

"मग तुम्ही काय केलं?" मी विचारलं.

"काय करणार? ती आठ दिवस बी लिवून ठेवली."

मे उजाडला. मिरची एकदाची डंकावर कुटून आली, गच्चीवर आता कुरडया होत्या. पिल्लू घरट्याच्या काठावर उभं राहून पंख फडफडवायला लागलं. आप्पांनी त्याला अजून नंबर दिला नव्हता. "अप्रेंटिस हाय त्ये. पयल्या दिवशी बाहीर जाऊन सांच्याला परत आलं, की कायम." आज उडेल, उद्या उडेल म्हणून ते जेवायलासुद्धा आत जात नव्हते. आणि नेमकं नेसरीहून भाचीच्या लग्नाचं बोलावणं आलं. हळद आणि लग्न, दोन दिवस. नवरीच्या पाठीशी मामा उभा राहिल्याशिवाय अक्षता कशा पडणार, आणि मामा हा एकच.

जायच्या सकाळी आप्पा आमच्या दारात. इस्त्रीचा सदरा, पांढरी टोपी. हातात मस्टर, दुर्बीण आणि घराची किल्ली.

"वैनी, चार्ज तुमच्याकडं. तुमास्नी सुट्टी पडल्या, व्हय न्हवं? दोन दिवस खंड पडाय नको."

"आप्पा, मला दुसरी कामं नाहीत का हो? द्या इकडं. आणि ही किल्ली कशाला?"

आप्पा जरा घुटमळले. "सांच्याला दार उघडून सांगाय लागतंय न्हवं."

"कुणाला?"

"आत खिडकीजवळ कॉट हाय. मोठ्यानं सांगा. तिला ऐकाय जरा कमी येत हुतं."

मी किल्ली हातात घेतली.

मग आप्पाच बोलले, मस्टरच्या नाडीशी चाळा करत. त्यांची बायको, काकू, शेवटचं वर्षभर कॉटवरच होत्या. खिडकीतून दिसायचं ते एवढं झाड. "माझा जलम गेला पाळ्यात. तिच्यापाशी बसलो कवा? मग म्हटलं, हितं तरी बसून काम करू. ती कॉटवरनं बघायची, मी दारातनं लिवायचो. त्या साली पिल्लू उडालं आणि सांच्याला आलंच न्हाय. ती आपली इचारायल्या, आलं काय ओ, आलं काय. अंधार पडला तरी इचारायल्या. शेवटाला सांगितलं, आलं म्हणून. पहाटं ती गेली."

त्यांनी मस्टर माझ्या हातात दिलं.

"तेवढी एकच खोटी हजेरी लागली माझ्या हातनं. म्होरं दोन वर्सं घरटंच वळवाच्या वाऱ्यानं पडलं. पिल्लू उडायची येळ आत्ताच आल्या. तुम्ही एक करा वैनी, न्हाय आलं तर खाडाच सांगा. खोटं सांगू नका." एवढं बोलून ते मागे न बघता एसटीला गेले.

आणि त्या कार्ट्याला उडायला तोच दिवस मिळाला! दुपारी चारला मी गच्चीवर होते, डोक्यामागे शिफ्ट इंजिनीअर बांधलेला. पिल्लू फांदीवरून सुटलं, पडतंय पडतंय म्हणेपर्यंत सावरलं, उसावर दोनदा हेलकावलं आणि कारखान्याच्या चिमणीकडे दिसेनासं झालं. मी लिहिलं, "अप्रेंटिस, चार नऊ, बाहेर."

सहा पंचवीसला नंबर दोन आली. सहा अठ्ठावीसला नंबर एक. अप्रेंटिसचा पत्ता नाही. साडेसहाला मी आप्पांचं दार उघडून आत गेले. कॉटवर धुतलेली चादर, उशी, पायाशी घडी घातलेली वाकळ. मी वाकून उशीच्या उंचीवरून बघितलं. खिडकीच्या चौकटीत बरोबर मधोमध ते घरटं. माझ्या बाजूच्या फांद्या उतरवल्या असत्या, तर तिथं नुसतं आभाळ उरलं असतं. मला माझीच लाज वाटली. तशीच पुन्हा गच्चीवर गेले.

सहा चाळीस. सहा पंचेचाळीस. आमचे हे खालून म्हणाले, "अगं, सांगून टाक की आलं म्हणून. कोण ऐकायला बसलंय तिथं?"

"तुम्ही गप्प बसा!" मी अशी खेकसले की ते खरोखर गप्प बसले. ज्या घारीनं मला आठवडाभर जिन्यावरून पळवलं, तिच्या पोरासाठी मी अंबाबाईला हात जोडून उभी होते. ये रे बाबा. एवढा वेळ ये. पाहिजे तर डोक्यात मार माझ्या.

आलं. उसावरून धडपडत आलं, फांदी धरायला गेलं, फांदी चुकली आणि धप्पकन माझ्या कुरडयांत पडलं. सगळ्या कुरडयांचा चुरा. मान वर करून ते माझ्याकडे बघायला लागलं आणि मी त्याच्याकडे. झाडावर नाही, गच्चीवर आलं होतं. धरायची का हजेरी? पण माझी गच्ची तिच्या खात्यातच येते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा कबूल केलं.

धावत खाली आले, आप्पांचं दार ढकललं आणि सगळा दम एकवटून ओरडले, "काकू, आलं हो! पिल्लूसुद्धा आलं! तिन्ही आली! खाडा नाही!"

मग नेसरीला फोन लावला. मागे हळदीचा बँड कडाडत होता.

"आप्पा, आलं!"

"टाइम?"

"सहा बावन्न."

"लेट मार्क द्या."

मी काही बोलणार, तोच पलीकडून आवाज आला, "तिला सांगितलंसा?"

"सांगितलं."

"मोठ्यानं?"

"सगळ्या बावड्यानं ऐकलं आप्पा."

"मग बास," ते म्हणाले. नाक ओढल्याचा आवाज आला आणि फोन ठेवला.

मी मस्टरात 'अप्रेंटिस' खोडून नंबर तीन लिहिलं. पुढे वेळ, त्यापुढे लेट मार्क. अंधार पडायच्या आत कुरडया आवरायला हव्या होत्या, पण नंबर तीन अजून त्यांच्यात उभं होतं. मी जिन्यातच बसून राहिले.